आधी कोणता टप्पा?

११ फेब्रुवारी, बुऱ्हाणपूर

आईने माझी खोली झाडून-पुसून ठेवली, पण टेबल बाबांनी बळकावलंय. म्हणून हे जेवणाच्या टेबलावर लिहितेय. शेजारच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू आहे. लहानपणी तो ऐकूच यायचा नाही, आता डोक्यात बसतो.

भोपाळच्या ऑफिसने मला पावसाळ्यापर्यंत इथे पाठवलंय. आपल्या जिल्ह्यातून जमिनीखालून पेट्रोल-डिझेल नेणारी पाइपलाइन जाते. ती कंपनीची, ती सुरक्षित आहे ना, हे बघणं आमच्या खात्याचं. खोदून तपासणी करणारी तुकडी एकच, आणि टप्पे तीन. एक शहरालगत तापीच्या पात्राखालचा. दुसरा निंबोल्याचा, जिथे मागे चोरांनी पाइपला भोक पाडून नळ बसवला होता. तिसरा फोपनारचा, केळीच्या बागांखालून जाणारा. पावसाआधी फार तर दोन होतील. आधी कोणता, हे मी लिहून द्यायचं.

बाबा म्हणाले, "म्हणजे परीक्षेआधी कोणता धडा वाचायचा, तसंच ना हिमानी?"

"हो, फक्त पेपर कधी आहे ते माहीत नाही."

ते हसले. मला हसू आलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज फोपनार. बरोबर गौरव होता, माझा ज्युनिअर, सागर जिल्ह्याकडचा, हिंदी बोलणारा. मथुरामावशीने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. "सरकारी पोरगा आहे तर काय झालं, पोट तं आहे ना त्याले," म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

समाधानदादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, शेतात केळी पॅकिंगची नवी शेड घातली आहे. घड धुवायचा हौद, वर पत्रे, खोकी रचायला फळ्या. गावात सगळे तिचं कौतुक करतात. पाइपच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात बांधकाम चालत नाही, खोल खोदकाम तर नाहीच. शेड त्या पट्ट्यात येत असावी. गौरवने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नंतर मोजू, ऊन फार आहे." ऊन खरंच फार होतं.

निघताना दादाने सहज विचारलं, "हिमानी, पाइपाले कुठं खरचटलं, मतलब थोडंसंच, तर लगेच फुटतो का तो?"

मी त्याला नीट समजावलं. लगेच फुटेलच असं नाही. आत दाब असतो, ओरखड्याच्या जागी पोलाद हळूहळू थकतं, कधी महिने जातात, कधी वर्षं. शेतकऱ्याला यात रस आहे, याचं मला बरं वाटलं. लोकांना अशी माहिती द्यायला हवी. अहवालात जनजागृतीचा मुद्दा घालीन.

२६ फेब्रुवारी

धर्मेंद्र सर इंदूरहून आले होते. माझे वरिष्ठ. त्यांचं म्हणणं, नदी आधी. "नदीत तेल गेलं तर शहराचं पाणी जाईल, टीव्हीवर आठवडाभर तेच. शेतात गळलं तर शेत जाईल." बोलणं कठोर आहे, पण हिशोब चुकीचा नाही. धोका मोजताना घटना घडायची शक्यता किती आणि घडली तर नुकसान किती, दोन्ही बघावं लागतं. नुकसानाच्या बाजूने नदीला तोड नाही.

शक्यतेसाठी मी आधीच्या तक्रारी बघतेय. निंबोल्याच्या पुष्कळ. नदीच्या काही. फोपनारची एकही नाही. इतकी वर्षं झाली, कुणी वास आल्याचंसुद्धा कळवलेलं नाही.

म्हणून क्रम असा लावला : नदी, निंबोला, फोपनार. नात्यामुळे मी फोपनारला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट तेच शेवटी आहे. पुन्हा पुन्हा तपासलं. बरोबर वाटतं. तरी संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घालत होते. आई म्हणाली, "बस की गं एका जागी, चक्कर येतेय मला."

८ मार्च

मावशीचा फोन. समाधानदादा शेतातच झोपतो म्हणे, शेडमध्ये खाट टाकून. घरी जेवायला येतो आणि निघून जातो. मोनालीवहिनीला शेडवर येऊ देत नाही, पोरांना तर नाहीच. "नवरा-बायकोचं काही बिनसलं वाटते व माय. तू शिकली-सवरली, तू बोल त्याच्याशी."

मी काय बोलणार? लग्नाला दहा-बारा वर्षं झाली की असं होत असेल. बोलते म्हटलं.

१७ मार्च

धर्मेंद्र सरांनी नोटिशीचा मसुदा मागितला होता, तो आज पूर्ण केला. पाइपलाइनच्या पट्ट्यात कुणी खोदकाम केलं, पाइपला इजा केली, तर फौजदारी गुन्हा, अटक, तुरुंग. ठळक अक्षरांत. आम्ही सारखे मऊ भाषेत लिहितो आणि लोक हसतात. या वेळी नाही.

दादा दुपारी घरी आला होता, मार्केटला आला होता म्हणून. बाबांशी इकडचं तिकडचं बोलत बसला. आईने गोड म्हणून दराबा दिला, तो त्याने वाटीतच ठेवला. मला वाटलं वहिनीबद्दल बोलायचं असेल, म्हणून मी बाबांना आत पाठवलं.

"तुले एक गोष्ट विचारायची होती," तो म्हणाला.

"बोल ना."

तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या मसुद्यावर गेली. मी त्याला वाचायला दिला. त्यालाच नाही तर कुणाला? पहिला वाचक. त्याने सावकाश वाचला, ओठ हलवत.

"हे सगळ्यांसाठी आहे? चुकून झालं तरी?"

"चुकून झालं असं सगळेच म्हणतात, दादा. मग कायद्याला अर्थ काय?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. पायांत चपला घातल्या आणि गेला. काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं. वहिनीचा विषय असा पुरुषाला अवघडच जात असेल.

२ एप्रिल

नोटिसा लागल्या. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळेची भिंत. नदीवरचं काम सुरू झालं, फोटो निघाले.

गौरव आज डबा खाताना मध्येच म्हणाला, "मॅडम, एक बात खटक रही है." त्याने दुसऱ्या जिल्ह्यांतल्या जुन्या गळती बघितल्या होत्या. बऱ्याचशा गंजाने झालेल्या नव्हत्या, बाहेरून मार लागून झाल्या होत्या. नांगर, जेसीबी, बोअर. आणि त्यातल्या कित्येक गावांतून आधी एकही तक्रार आलेली नव्हती.

"म्हणजे काय?"

"मतलब जहाँ से शिकायत नहीं आती, वहाँ सब ठीक है, ये हमने मान लिया. शायद वहाँ लोग डरते हैं."

मी म्हटलं, एवढ्यावरून क्रम बदलता येत नाही. सगळीकडे शांतता म्हणजे भीती असं धरलं तर जिल्हाभर खोदत बसावं लागेल. त्याने माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं. त्यानंतर माझं कशात लक्ष लागलं नाही. फाईल उघडायची, मिटायची. फोपनारची शेड अजून मोजलेली नाही. मोजायला गौरवला एकट्याला पाठवता येईल. पण मावशीला काय वाटेल? मीच जाईन. पुढच्या आठवड्यात.

१४ एप्रिल

पुढचा आठवडाही गेला.

१९ एप्रिल

वहिनीचा फोन, रडत. तिच्या भावाचं लग्न आहे रावेरला, आणि दादा येत नाही म्हणतो. "ताई, एक दिवस नाही सोडू शकत का त्या शेडले? काय आहे त्या शेडमध्ये? गडी माणसं हसतात. कुणी बिडी पेटवली तर अंगावर धावून जातात हे. परवा ट्रॅक्टरवाल्याले कॉलर धरून खाली ओढला, कारण काय तर त्यानं शेडमागून ट्रॅक्टर नेला."

मी म्हटलं उद्या येते. दोघांना समोरासमोर बसवून बोलते.

२० एप्रिल

रात्र बरीच झालीय. तरी आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी गाडी घेऊन एकटीच गेले. दादा शेडमध्येच होता. कटाई चालू होती, घड येत होते, बायका फण्या कापून हौदात सोडत होत्या. मी त्याला बाजूला घेतलं आणि सुरुवात केली, संसार दोघांचा असतो वगैरे. काय काय बोलले देव जाणे. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

मग म्हणाला, "हिमानी, मोनालीचं अन् माझं काही नाही झालं. मी तिले इथून लांब ठेवतो."

"का?"

त्याने सगळ्या बायकांना पाणी प्यायला घरी पाठवलं. शेडच्या मागच्या अंगाला नाल्याकडे घेऊन गेला. तिथे खोकी रचून ठेवली होती, ती सरकवली. खाली नुसती माती. पण खोकी हलताच मला वास आला. अगदी थोडा. पंपावर गाडी उभी केल्यावर येतो तसा.

"शेडच्या खांबांचे खड्डे पाडायले ट्रॅक्टरचं गिरमिट आणलं होतं. तुमचा पाइप खोल आहे असंच सगळे म्हणतात. पण नाल्यानं इथली माती धुऊन नेली आहे. गिरमिट खाली गेलं अन् लोखंडाले लागलं. मी लगेच वर घेतलं. मातीनं बुजवलं, खांब तिकडं सरकवला. काही झालं नाही, दोन महिने काही झालं नाही. वास तं आठ दिवसांपासून आहे."

"आणि तू इथे झोपतोस? याच्यावर?"

"मग कोण झोपीन? इथं कोणी बिडी फेकली तर? म्हटलं मी जागा आहे तोवर..." 

मला ओरडायचं होतं. का नाही सांगितलंस? पण त्या दिवशी तो वाटीतला दराबा तसाच ठेवून काय विचारायला बसला होता, ते आता मला कळलं. आणि मी त्याच्या हातात काय दिलं होतं, तेही.

तो म्हणाला, "तू लिही ना, नाल्यानं माती वाहून गेली, पाइप उघडा पडायले आला, म्हणून फोपनार पहिले घ्या. खोटं कुठं आहे त्यात?"

खोटं नव्हतं. क्षणभर नाही, चांगला वेळ मी त्याचा विचार केला. पण क्रम बदलायचा प्रस्ताव इंदूरला जाणार, कंपनीकडे जाणार, तुकडी नदीवरून उठणार. तोवर पाइपमध्ये दाब तसाच. तासाभरात पंप बंद करायचे तर एकच वाक्य चालतं : पाइपला मार लागलाय आणि गळतोय. मग कुणी मारलं हा पुढचा प्रश्न.

मी त्याला हे सांगितलं. त्याने खोकी होती तशी रचली. मग म्हणाला, "लाव फोन."

बाहेर रस्त्यापर्यंत चालत गेलो. मी धर्मेंद्र सरांना फोन लावला, वास येतोय म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "खात्री कर आधी. नदीवर उद्या पत्रकार आहेत, मध्येच..." तेवढ्यात दादाने फोन माझ्या हातातून घेतला.

"साहब, मैं समाधान बोल रहा हूँ, फोपनार से. गिरमिट मैंने मारा है. पाइप को लगा है. आप पहले तेल बंद करो, फिर मुझे जो करना है करो."

 मग सरांनी फक्त जागा विचारली. हे सरांच्या बाजूने लिहायलाच हवं : पुढची सूत्रं त्यांनी भराभर हलवली. पंपिंग बंद झालं. अग्निशमनची गाडी बुऱ्हाणपूरहून आली. शेजारच्या शेतांतली माणसं लांब नेली. मावशी हलायला तयार नव्हती, तिला वहिनीने हाताला धरून ओढत नेलं. संध्याकाळी हातांनी माती काढली, यंत्र लावलं नाही. पाइपवर लांबट ओरखडा, त्याच्या तळाशी केसासारखी चीर, आणि चिरेतून घाम सुटल्यासारखं झिरपत होतं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, "बरं झालं आज कळलं." 

सरांना मी तिथेच सांगितलं, समाधान माझा मावसभाऊ आहे. ते म्हणाले, "हे फेब्रुवारीत सांगायचं होतंस."

"फोपनार शेवटी होतं सर. मी त्याला कुठे झुकतं माप दिलं?"

ते नुसते चष्मा पुसत राहिले.

२३ एप्रिल

दादाला शाहपूरच्या ठाण्यात बोलावलं. गुन्हा दाखल. कलम मी लिहिलेल्या नोटिशीत आहे तेच. जामीन मिळाला. माझ्याकडचा जिल्हा काढून घेतला, गौरवकडे दिला. भोपाळला परत जायचा हुकूम आहे, मी रजा टाकली.

२९ एप्रिल

शेड पाडली. मी गेले नाही. बाबा गेले होते. आल्यावर हात-पाय धुतले आणि पेपर घेऊन बसले, तोही उलटा धरून.

मोनालीवहिनी फोन उचलत नाही. मावशी उचलते. म्हणाली, "ते आपल्या जागी, तू आपल्या जागी. जेवली का?"

४ मे

गौरव घरी आला. नवा क्रम लावायचाय, पण कशावर लावायचा? जो सांगेल तो आत जाणार, हे आता सगळ्या तालुक्याने बघितलंय. पाइपवर कुठे कुठे मार लागलाय ते फक्त मारणाऱ्यांना माहीत आहे, आणि त्यातलं कुणीही ते सांगणार नाही.

आम्ही बाबांच्या टेबलाशी बसून एक टिपण लिहिलं. ठरावीक मुदतीत जो स्वतः येऊन सांगेल त्याच्यावर गुन्हा नाही, दुरुस्ती कंपनीची. लपवलं आणि नंतर सापडलं तर मात्र कायदा. गौरवच्या सहीने गेलं. माझं नाव नको, असं मीच म्हटलं.

१६ मे

हो म्हणाले! धर्मेंद्र सरांनी भोपाळला स्वतः जाऊन मंजूर करून आणलं. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी आदेश वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. आदेशाच्या तारखेपासून पुढे. मागच्या प्रकरणांना लागू नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मागचं प्रकरण एकच आहे हिमानी. आणि ते तुझ्या घरचं आहे. मी ते घातलं असतं तर सगळंच पडलं असतं." त्यांचं बरोबर असेल. मला आता काय बरोबर ते ठरवता येत नाही. दिवसभर एकच कपाट आवरतेय.

२१ मे

दादाला सांगायला फोपनारला गेले. वहिनीने पाणी दिलं, बोलली नाही. दादा ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळं बाकीचे सुटले अन् मी अडकलो."

"वकील म्हणतात, तू स्वतः सांगितलंस हे कोर्टात मांडता येईल."

"येईन तं येईन." थोड्या वेळाने म्हणाला, "लोक येऊ राहिले का सांगायले?"

"एकही नाही. गौरव दोन गावांत बसून आला. चहा पाजतात आणि आमच्याकडे काही नाही म्हणतात."

"कसे येतीन? माझी शेड पाडलेली सगळ्यांनी पाहिली आहे."

२७ मे

निंबोल्याच्या शाळेत सभा होती. मी अधिकारी म्हणून नाही, मावशीची ड्रायव्हर म्हणून गेले. दादानेच गौरवला फोन करून विचारलं होतं, मी आलो तर चालेल का. वहिनीही आली, मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून.

वऱ्हांड्यात माणसं बरीच होती, ऐकत कुणी नव्हतं. गौरवने हिंदीत आदेश समजावला. कुणीतरी म्हणालं, "आज म्हणतात माफी, उद्या पोलीस येईन." सगळे हसले. गौरवचा चेहरा उतरला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. पुढे जाऊन बोलावंसं फार वाटत होतं, पण तो अधिकार आता माझा नव्हता.

दादा उठला. टोपी काढली, परत घातली.

"मले ओळखता सगळे. फोपनारचा समाधान. माझी शेड गेली, माझ्यावर केस आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. या साहेबाची माफी मले लागू नाही. तरी सांगतो. दोन महिने मी त्या पाइपावर खाट टाकून झोपलो. लेकरं जवळ आली की मी त्यांच्यावर खेकसत होतो. सांगून टाकल्यावर ठाण्यात बोलावलं, तं तिथंच मले झोप लागली. हवालदारानं उठवलं." तो थांबला. "ज्याच्या शेतात असं काही आहे, त्याले मी काय म्हणतो ते समजलं असीन. बाकीच्यांनी चहा प्या."

तो खाली बसला. कुणी हसलं नाही. वहिनीने पदर सावरला आणि जागा करून त्याच्या शेजारी सरकली, सगळ्यांसमोर.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. गौरव माझ्याकडे बघायला लागला, मी मान खाली घातली. 

पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठला. कौतिक नावाचा, निंबोल्याचाच. गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा गौरवच्या टेबलापर्यंत गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "लिहा. बोअर करतांना लागला होता. पोराले विचारू नका, पोराले माहीत नाही."

गौरवने उठून त्याला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभ्यानेच लिहू लागला. बायकांच्या बाजूने कुणीतरी विचारलं, "यांच्यानंतर कोण आहे? नाही तर मी येते."